खेळाडूची पोस्ट, मंडळाचा दंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या खेळाडूला पोस्टबद्दल दंड झाल्याची बातमी आली की आमच्या कट्ट्यावर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "बरं झालं, याच्या जिभेला हाडच नाही." दुसरा म्हणतो, "म्हणजे त्याने खेळायचं आणि तोंड शिवून बसायचं का?" गेली काही वर्षं हाच वाद ऐकतोय, आणि दर वेळी जाणवतं की दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळ्या पोस्ट असतात. एकाला कुणाच्या जातीवर, रंगावर घसरलेला खेळाडू आठवतो, दुसऱ्याला संघटनेच्या कारभारावर बोललेला. मंडळांच्या नियमांत मात्र हे दोघे बहुतेक वेळा एकाच कलमाखाली येतात. माझं खरं दुखणं तिथेच आहे. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते आणि त्यांची जमतील तशी उत्तरं इथे लिहिली आहेत.

खेळाडूने स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या खात्यावर लिहिलं. यात मंडळाचा संबंध येतोच कुठे?

सहीमुळे येतो. व्यावसायिक खेळाडू दोन ठिकाणी बांधलेला असतो. एक करार क्लबशी किंवा मंडळाशी, आणि एक नोंदणी त्या खेळाच्या संघटनेकडे. दोन्हीकडे त्याने आचारसंहिता पाळायचं कबूल केलेलं असतं, आणि ही कलमं मुद्दाम ऐसपैस ठेवलेली असतात. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा, म्हणजे एफएचा, 'ई३' नियम बघा. खेळाच्या हिताला धरून वागावं. अनुचित, शिवराळ, अपमानकारक वागू नये. खेळाची बदनामी होईल असं काही करू नये. मैदानात पंचाच्या अंगावर धावून जाणाऱ्याला जो नियम लागतो, तोच बसमध्ये बसून ट्विट करणाऱ्यालाही लागतो.

याची सुरुवात जानेवारी २०११ मध्ये झाली. लिव्हरपूल एफए कपच्या सामन्यात मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर हरलं आणि त्यांच्या रायन बाबेलने ट्विटरवर एक बनावट छायाचित्र टाकलं. पंच हॉवर्ड वेब यांच्या अंगात मँचेस्टर युनायटेडची जर्सी! बाबेलने पोस्ट काढली, माफीही मागितली, तरी १० हजार पौंड दंड झाला. ट्विटबद्दल एफएची कारवाई झालेला तो प्रीमियर लीगमधला पहिला खेळाडू.

पण संविधानाने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिलंय ना?

दिलंय. कलम १९(१)(अ). मात्र तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतो, आणि क्रीडा संघटना सरकार आहेत का, हा जुना वाद आहे. २००५ मध्ये झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ३ विरुद्ध २ असा निकाल दिला की बीसीसीआय कलम १२ च्या अर्थाने 'राज्य' नाही. म्हणून मंडळावर थेट मूलभूत हक्कांचा बडगा उगारता येत नाही. पण त्याच निकालात दुसरं दारही उघडं राहिलं. मंडळ सार्वजनिक स्वरूपाचं काम करतं, तेव्हा अन्याय झालेल्या माणसाला कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं.

न्यायालय तिथे काय पाहतं, याचा अंदाज श्रीशांतच्या प्रकरणावरून येतो. ते प्रकरण स्पॉट फिक्सिंगच्या आरोपाचं, पोस्टचं नाही. तरी मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरची आजन्म बंदी रद्द केली आणि शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं. चूक आणि शिक्षा यांचं माप जुळलं पाहिजे, हा मुद्दा त्यात होता. पोस्टच्या प्रकरणांतही खेळाडूच्या हातात याहून मोठं शस्त्र नाही. "मला बोलायचा हक्क आहे" यापेक्षा "माझं ऐकून न घेता, प्रमाणाबाहेर शिक्षा दिली" हे म्हणणं जास्त टिकतं.

कुठल्या पोस्टवर कारवाई होते?

सर्वांत आधी, माणसाच्या वंशावर, रंगावर, धर्मावर, लिंगावर, लैंगिकतेवर घसरलेली पोस्ट. मग पंचांच्या प्रामाणिकपणावर शंका घेणारी. संघाची आतली माहिती फोडणारी. प्रायोजकांच्या नियमांत न बसणारी. राजकीय. आणि शेवटी, स्वतःच्याच मंडळावर टीका करणारी. पहिल्या प्रकाराबद्दल मला फार शंका नाही. जुलै २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या तोंडावर ग्रीसची तिहेरी उडीपटू वूला पापाख्रिस्तू हिने आफ्रिकी स्थलांतरितांची टवाळी करणारं ट्विट केलं आणि ग्रीसच्या ऑलिंपिक समितीने तिला पथकातून काढलं. त्याच स्पर्धेत स्वित्झर्लंडचा फुटबॉलपटू मिशेल मोर्गानेला कोरियाकडून हरल्यावर कोरियन लोकांबद्दल गलिच्छ लिहून बसला आणि घरी परतला. एकीचं ऑलिंपिक हुकलं, दुसऱ्याचं अर्ध्यावर सुटलं, आणि ते योग्यच झालं असं मी मानतो. ज्या मैदानात सगळ्या देशांची पोरं येतात, तिथे येणाऱ्याने निदान एवढं भान ठेवायला हवं.

लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नसेल तर?

हा प्रश्न मला सगळ्यांत अवघड वाटतो.

२९ नोव्हेंबर २०२०. मँचेस्टर युनायटेड साउथहॅम्प्टनविरुद्ध मागे पडलेलं. बदली म्हणून उतरलेल्या एदिन्सन कवानीने दोन गोल केले आणि संघ ३-२ असा जिंकला. उरुग्वेमधल्या एका मित्राने इन्स्टाग्रामवर अभिनंदन केलं. कवानीने उत्तर दिलं, "ग्रासियास, नेग्रितो." स्पॅनिशमध्ये ग्रासियास म्हणजे धन्यवाद, नेग्रो म्हणजे काळा, नेग्रितो हे त्याचं लाडाचं रूप. त्याच्या देशात मित्राला, भावाला, बायकोलाही लोक प्रेमाने असं म्हणतात. इंग्लंडमध्ये वाचणाऱ्याला त्यात फक्त वर्णवाचक शब्द दिसला. कवानीने समजल्याबरोबर पोस्ट काढली, माफी मागितली, आरोप मान्य केला. तरीही तीन सामन्यांची बंदी, १ लाख पौंड दंड, आणि वर सक्तीचं प्रशिक्षण. सुनावणी घेणाऱ्या आयोगाने त्याचा हेतू वर्णद्वेषी नव्हता हे मान्य केलं होतं! उरुग्वेतून जोरदार निषेध आला. खेळाडूंची संघटना बोलली, आणि तिथली भाषा अकादमीसुद्धा. एका शब्दासाठी भाषा अकादमीने निवेदन काढावं, असं खेळात क्वचितच घडलं असेल.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे मित्राला "ए काळ्या" म्हणणारे घरोघरी आहेत, आणि पंढरीच्या विठोबाला आपण काळा, सावळा म्हणतो ते भक्तीने. पण नाण्याची दुसरी बाजूही आपल्यालाच माहीत आहे. वर्गातल्या ज्या मुलाला सगळे "काळ्या" म्हणायचे, त्याला तो लाड वाटायचा का, हे आपण त्याला कधी विचारलं? कवानीच्या मित्राने तक्रार केलेली नव्हती, म्हणून तीन सामने मला जास्त वाटतात. ताकीद आणि समज देऊन भागलं असतं. पण परक्या भाषेच्या देशात लाखो लोक वाचतात तिथे लिहिताना शब्दाला नवं वजन येतं, हे एफएचं म्हणणं उडवून लावता येत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी मँचेस्टर सिटीच्या बेर्नार्दो सिल्व्हाने संघमित्र बेंजामिन मेंडीचा लहानपणीचा फोटो एका मिठाईच्या पाकिटावरच्या काळ्या बाहुल्याशेजारी ठेवून थट्टा केली होती. मेंडी त्याचा जिवलग, तोही हसला. शिक्षा एक सामना आणि ५० हजार पौंड. एफएने त्यानंतर नियम कडक केले आणि कवानी त्या कडक नियमांत सापडला.

दहा वर्षांपूर्वीच्या पोस्टवर आज शिक्षा देणं न्याय्य आहे का?

२ जून २०२१ रोजी इंग्लंडचा गोलंदाज ऑली रॉबिन्सन लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी खेळायला उतरला. दोन्ही संघ भेदभावाविरुद्ध एकत्र उभे राहिले होते, त्याच दिवशी त्याची २०१२-१३ मधली वर्णद्वेषी आणि स्त्रियांना हिणवणारी ट्विट बाहेर आली. लिहिलं तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता. त्याने जाहीर माफी मागितली, सामन्यात सात बळी घेतले, आणि पुढच्या कसोटीतून त्याला निलंबित केलं गेलं. प्रकरण इतकं तापलं की सांस्कृतिक खात्याच्या मंत्र्यांनी मंडळाने अतिरेक केल्याचं म्हटलं आणि पंतप्रधानांच्या कार्यालयाने त्यांना दुजोरा दिला. शेवटी शिस्तपालन आयोगाने आठ सामन्यांची बंदी दिली, त्यातले पाच सामने दोन वर्षांसाठी स्थगित ठेवले, तीन तो आधीच मुकला होता, आणि ३,२०० पौंड दंड केला. म्हणजे कागदावर आठ, हातात शून्य. मला तो निकाल शहाणपणाचा वाटतो. चूक नोंदली गेली आणि माणूस मैदानात परतला.

पुढच्या वर्षी त्याच आयोगाने जुन्या पोस्टबद्दल पाच जणांना फक्त ताकीद दिली. यॉर्कशायर क्रिकेट क्लबमधल्या वर्णद्वेषाला वाचा फोडणारा खेळाडू अझीम रफीकही त्यांत होता. २०११ मधले त्याचे ज्यूविरोधी संदेश उघड झाले होते आणि त्याने आडपडदा न ठेवता माफी मागितली. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याही हातून दुसऱ्यावर अन्याय होऊ शकतो, हे त्या प्रकरणाने मला शिकवलं. फुटबॉलमध्ये मात्र आंद्रे ग्रे याला २०१२ मधल्या समलिंगीविरोधी ट्विटसाठी २०१६ मध्ये चार सामने बाहेर बसावं लागलं. इतक्या जुन्या गोष्टींना काही ठरलेली मुदत नाही, हे मला खटकतं. लिहिणाऱ्याचं वय आणि मधल्या काळातलं वागणं दोन्ही मोजलं पाहिजे, आणि ते मोजू असं नियमातच लिहिलेलं असावं.

पंचांवर टीका करायचीच नाही का?

निर्णय चुकला, एवढं बहुतेक ठिकाणी चालून जातं. पंच विकला गेला, पंचाला खेळ कळत नाही, इथपर्यंत गेलात की अडचण. मार्च २०१९ मध्ये नेमार जखमी होता, खेळतही नव्हता. चॅम्पियन्स लीगमध्ये अगदी शेवटी व्हीएआरवरून, म्हणजे व्हिडिओ बघून, मँचेस्टर युनायटेडला पेनल्टी मिळाली, नेमारचा पॅरिसचा क्लब बाहेर पडला, आणि त्याने इन्स्टाग्रामवर पंचांना शिवी हासडली. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, तीन सामन्यांची बंदी घातली. स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने ती दोनवर आणली. मैदानाबाहेर होतो, ही सबब चालली नाही. क्रिकेटमध्येही आयसीसीच्या आचारसंहितेतलं कलम २.७ सामन्यातल्या घटनेवरच्या जाहीर टीकेला लागू होतं, मग ती टीका केव्हाही केलेली असो.

आणि मंडळावरच टीका केली तर?

इथे माझी बाजू उघड आहे. मी खेळाडूच्या बाजूला आहे.

दोन आकडे शेजारी ठेवतो. २०१२ च्या उन्हाळ्यात इंग्लंडचा फुटबॉलपटू रिओ फर्डिनंड याला ४५ हजार पौंड दंड झाला. दुसऱ्या एका कृष्णवर्णीय खेळाडूला वांशिक टोमणा मारणाऱ्या ट्विटला त्याने हसून दाद दिली होती. ज्याच्याबद्दल तो टोमणा होता, त्या अॅशली कोलने ऑक्टोबरमध्ये जॉन टेरीच्या वर्णद्वेषी शिवीगाळ प्रकरणाच्या निकालावर चिडून खुद्द एफएला शिवी दिली. त्याला दंड ९० हजार पौंड. बरोबर दुप्पट! शिवी वाईटच होती. पण वांशिक टोमण्याला मारलेली टाळी संघटनेला दिलेल्या शिवीच्या निम्म्या किमतीची कशी ठरते, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

आता घरचं बघू. एप्रिल २०१९ मध्ये विश्वचषकाचा संघ जाहीर झाला, अंबाती रायुडू वगळला गेला आणि विजय शंकर आला. शंकर 'थ्री-डायमेन्शनल' आहे, असं निवड समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी रायुडूचं ट्विट: विश्वचषक बघायला थ्रीडी चष्मा मागवलाय. मंडळाने दखल घेतली आणि कारवाई न करायचं ठरवलं. हा मोठेपणा आठवणीत ठेवण्यासारखा आहे.

सगळ्यांच्या वाट्याला तो येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बंगालचा कर्णधार मनोज तिवारीने लिहिलं की रणजी स्पर्धा पुढच्या मोसमापासून बंदच करा, तिच्यात खूप काही बिघडलंय. त्याच्या सामन्याच्या मानधनातले २० टक्के कापले गेले. जो माणूस वीस वर्षं रणजी खेळला त्याला स्पर्धेबद्दल तळमळ नसेल तर कुणाला असणार? तो तेव्हा पश्चिम बंगालच्या क्रीडा खात्याचा राज्यमंत्रीही होता, तरी दंड चुकला नाही. जिल्ह्याच्या संघात आत्ताच आलेल्या पोराने यातून काय समजायचं?

त्याच महिन्याच्या शेवटी हनुमा विहारीचं प्रकरण झालं. सिडनीत दुखऱ्या पायाने कसोटी वाचवणारा, रणजीत मनगट मोडलेलं असताना डावखुरा होऊन एका हाताने खेळणारा हा माणूस. आंध्र उपांत्यपूर्व सामन्यात मध्य प्रदेशकडून चार धावांनी हरलं आणि त्याने इन्स्टाग्रामवर लिहिलं: मोसमाच्या पहिल्या सामन्यानंतर मला कर्णधारपद सोडायला लावलं, कारण मी संघातल्या सतराव्या खेळाडूवर ओरडलो आणि त्याचे वडील राजकारणी आहेत, आता आंध्रकडून पुन्हा खेळणार नाही. संघटनेने आरोप नाकारले, त्याच्याच भाषेबद्दल तक्रारी असल्याचं सांगितलं, आणि कारणे दाखवा नोटीस धाडली. पुढे राज्यात सत्ता बदलली, संघटनेतली माणसंही बदलली, आणि पुढचा मोसम विहारी आंध्रकडूनच खेळला. खरं काय होतं ते बाजूला ठेवा. एका बाजूला तक्रारदार, दुसऱ्या बाजूला ज्याच्याविरुद्ध तक्रार ती संघटना, आणि नोटीस पाठवणारीही तीच. गावच्या पंचायतीतसुद्धा ज्याचा बांध वादात आहे त्याला पंच म्हणून बसवत नाहीत.

राजकारण, धर्म, युद्ध यांवर बोललं तर?

प्रत्येक संघटनेची रेघ वेगळी, आणि तीही हलती.

ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये नियम सैल केला: पदक घेताना आणि प्रत्यक्ष खेळताना निदर्शनं नकोत, पण पत्रकार परिषदेत आणि समाजमाध्यमांवर खेळाडूला मत मांडता येईल. आयसीसी जास्त कडक. सप्टेंबर २०२५ मध्ये आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध जिंकल्यावर आपल्या मुंबईच्या सूर्यकुमार यादवने विजय पहलगामच्या बळींच्या कुटुंबीयांना आणि सैन्यदलांना अर्पण केला. पाकिस्तानी मंडळाने तक्रार केली आणि त्याला मानधनाच्या ३० टक्के दंड आणि दोन दोषांक मिळाले. हे मैदानातलं बोलणं होतं, पोस्ट नव्हे, पण नियमाची जात तीच. ऑस्ट्रेलियाचा उस्मान ख्वाजा २०२३ च्या डिसेंबरमध्ये गाझासाठी बुटांवर समतेचा संदेश लिहू पाहत होता. परवानगी मिळाली नाही, मग त्याने दंडावर काळी फीत बांधली. फितीबद्दल ताकीद मिळाली. मनातलं कोणतं दुःख वैयक्तिक आणि कोणतं राजकीय, हे ठरवायला आयसीसीकडे कोणता गज आहे, हे दोन्ही प्रकरणांत मला समजलं नाही.

धर्माचं सर्वांत गाजलेलं प्रकरण रग्बीतलं. ऑस्ट्रेलियाकडून ७३ कसोटी खेळलेल्या इस्राएल फोलाऊने एप्रिल २०१९ मध्ये इन्स्टाग्रामवर लिहिलं की समलिंगी, दारूडे आणि इतर पापी यांची वाट नरकाकडे जाते. आदल्या वर्षी त्याला याच कारणासाठी समज दिलेली होती. मे महिन्यात त्याचा चार वर्षांचा करार रद्द झाला. धर्मामुळे नोकरी गेली, असं म्हणत तो न्यायालयात गेला, आणि डिसेंबरमध्ये तडजोड झाली. त्यामुळे श्रद्धा की आचारसंहिता, हा कायद्याचा प्रश्न सुटायचा तो राहूनच गेला.

क्लबने घाई केली तर ती महागातही पडते. जर्मनीतल्या माइंत्स क्लबने गाझाविषयीच्या पोस्टवरून अन्वर अल गाझीचा करार नोव्हेंबर २०२३ मध्ये मोडला. पुढच्या जुलैमध्ये तिथल्या कामगार न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं आणि थकलेला पगार द्यायला सांगितलं.

मी फक्त लाइक केलं. तरी?

तरी. फोलाऊची ती पोस्ट इंग्लंडच्या बिली व्हुनिपोलाने लाइक केली आणि तिच्या बाजूने लिहिलंही. इंग्लंडच्या रग्बी संघटनेने त्याला रीतसर ताकीद दिली. फर्डिनंडचा दंडही दुसऱ्याच्या शब्दांना दाद दिल्याबद्दलच होता. आणि खातं एजन्सी चालवते, हे उत्तर देऊ नका. खात्यावर जे येतं त्याला खातेदार जबाबदार, अशीच बहुतेक संघटनांची भूमिका असते.

खाजगी मेसेजबद्दल शिक्षा होऊ शकते?

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगने केव्हिन ड्युरंट या खेळाडूला ५० हजार डॉलर दंड केला, तो एका अभिनेत्याला खाजगीत पाठवलेल्या शिवराळ मेसेजबद्दल. त्या अभिनेत्याने स्क्रीनशॉट जगासमोर ठेवले होते. ज्याने खाजगी बोलणं बाजारात आणलं तो नामानिराळा राहिला. संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिणाऱ्या पोरांनी हे प्रकरण लक्षात ठेवावं.

सामना चालू असताना फोन काढून घेतात, तो यासाठीच का?

क्रिकेटमध्ये मुख्य कारण भ्रष्टाचार. ड्रेसिंग रूममधली माहिती सट्टेबाजांसाठी सोन्याच्या भावाची असते. २००९ मध्ये एजबॅस्टन कसोटीच्या सकाळी ऑस्ट्रेलियाच्या फिलिप ह्यूजने आपण संघात नसल्याचं ट्विट केलं, तेही अधिकृत घोषणेच्या आधी. बिचाऱ्याला चाहत्यांना सांगायचं होतं, पण गुपित फुटलं. अमेरिकन फुटबॉलमध्ये चॅड ओचोसिंकोने २०१० मध्ये सराव सामना चालू असताना ट्विट केलं आणि २५ हजार डॉलर भरले.

निवाडा करतं कोण?

खरा प्रश्न हाच विचारायला हवा, आणि लोक तो सर्वांत कमी विचारतात. इंग्लंडमध्ये आरोप एफए ठेवते, पण सुनावणी वेगळा आयोग घेतो आणि कारणांसह लेखी निकाल देतो. कवानीबद्दल आपण एवढं बोलू शकतो ते त्या लेखी निकालामुळे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीच्या सुधारणांनंतर बीसीसीआयला लोकपाल, म्हणजे तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी, आला. २०१९ मध्ये टीव्हीवरच्या गप्पांमध्ये स्त्रियांबद्दल बेताल बोललेल्या हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल यांचं प्रकरण लोकपाल न्या. डी. के. जैन यांच्याकडे गेलं. त्यांनी प्रत्येकी २० लाख रुपयांचा दंड केला: कर्तव्यावर प्राण गमावलेल्या निमलष्करी दलांतल्या दहा जवानांच्या कुटुंबांना एकेक लाख, आणि उरलेले दहा लाख अंधांच्या क्रिकेटसाठी. दंडाचा पैसा कुठे जावा याचा इतका विचार केलेला निकाल मी दुसरा पाहिलेला नाही.

निवाडा करणारे संघटनेच्याच ताटाखालचे असतील तर काय होतं, ते तुर्कस्तानात दिसलं. अमेदस्पोर या कुर्दी संघाचा देनिझ नाकी याला २०१६ मध्ये विजयानंतरच्या फेसबुक पोस्टवरून बारा सामन्यांची बंदी झाली. मे २०२१ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं की तिथल्या फुटबॉल महासंघाची लवाद समिती पुरेशी स्वतंत्र नाही, त्यामुळे नाकीला न्याय्य सुनावणी मिळाली नाही. त्याच दिवशी, फेसबुक पोस्ट शेअर केल्यामुळे परवाना गमावलेल्या एका पंचाच्या प्रकरणात त्याच्या अभिव्यक्तीचा हक्कही डावलला गेल्याचा निकाल आला. पाच वर्षांनी मिळालेला न्याय खेळाडूच्या काय कामाचा, हे खरंच. पण तत्त्व लिहून ठेवलं गेलं.

भारतात आणखी एक उणीव आहे. कवानीसाठी त्याच्या देशातली खेळाडू संघटना उभी राहिली. आपल्याकडे २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन निघाली, ती निवृत्त खेळाडूंची. आज खेळणाऱ्या क्रिकेटपटूच्या पाठीशी उभी राहील अशी संघटना नाही. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद झाली आहे. तिच्याकडे मी आशेने पाहतो आहे.

खेळाडूंना शिव्या देणाऱ्यांचं काय?

ऑक्टोबर २०२१ मध्ये पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून जे ऐकावं लागलं ते आठवलं की आजही मान खाली जाते. विराट कोहलीने त्याची बाजू घेतली, तर कोहलीच्या तान्ह्या मुलीला धमक्या आल्या. मुंबई पोलिसांनी एकाला पकडलंही. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी ३० एप्रिल ते ३ मे असे चार दिवस क्लब आणि संघटनांनी समाजमाध्यमांवर बहिष्कार टाकला. मंडळाचा नियम फक्त सही केलेल्याला लागतो. गॅलरीतल्या माणसासाठी पोलीस आणि कंपन्या. खेळाडूच्या एका शब्दावर तीन दिवसांत नोटीस निघते, त्याने सोसलेल्या हजार शब्दांवर निघत नाही.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, जिल्ह्याच्या संघात आलीये. तिला काय सांगू?

पहिलं, संघटनेची आचारसंहिता मागून घ्या आणि तिच्यासोबत बसून वाचा. बहुतेक पालक फॉर्मवर सही करतात आणि तो कागद पुन्हा बघत नाहीत. तिचं खातं एकदा दोघांनी मिळून तळापर्यंत बघा. बाराव्या वर्षी टाकलेलं काही आज नकोसं वाटलं तर काढा.

निवड झाली नाही त्या रात्री फोन तिच्याजवळ नको. रडू द्या, जेवू घाला, सकाळी बोला. पृथ्वी शॉने डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या संघातून वगळल्यावर देवाला उद्देशून पोस्ट टाकली, आणि पुढचे कित्येक दिवस चर्चा त्याच्या धावांची न होता वजनाची आणि शिस्तीची झाली. मुलगा दुखावलेला होता, हे कुणी बघितलंच नाही.

अन्याय झाला असेल तर मात्र तिला गप्प बसवू नका. आधी सचिवांना लेखी तक्रार द्या, पोच घ्या. राज्य संघटनेला लोकपाल असेल तर त्यांच्याकडे जा. विनयभंग किंवा छळाची गोष्ट असेल तर संघटनेची वाट न बघता पोलिसांत जा. असल्या तक्रारीला कुठलीही आचारसंहिता आडवी येऊ शकत नाही.

आणि नोटीस आलीच, तर त्यातली मुदत आधी बघा. कुठल्या कलमाखाली आहे ते विचारा, तक्रारीची प्रत मागा, प्रत्यक्ष सुनावणी मागा. पोस्ट काढण्याआधी तारखेसह तिचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण उद्या कुणी कापलेला तुकडा दाखवेल तेव्हा पूर्ण पोस्ट तुमच्याकडे हवी. चूक असेल तर माफी तिच्या शब्दांत, दोन ओळींत, "कुणाचं मन दुखावलं असल्यास" हे शब्द न घालता. सुनावणीला तिला एकटी पाठवू नका.